वनातील यजमान : अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत फिरत्या घरांतून राहणारे स्वयंसेवक आणि स्वयंसेवेच्या संकल्पनेचा प्रश्न

बीजशब्द : राष्ट्रीय वने, कॅम्पग्राउंड, आर.व्ही., स्वयंसेवा, मानधन, वृद्धांचे श्रम

प्रस्तावना

अमेरिकेच्या पश्चिमेकडील एखाद्या राष्ट्रीय वनात मे महिन्याच्या अखेरीस गेले असता, कॅम्पग्राउंडच्या तोंडाशी असलेल्या पहिल्याच जागेवर एक मोठे वाहन उभे दिसते. त्याच्या दारापुढे चांदवा ताणलेला असतो, दोन घडीच्या खुर्च्या मांडलेल्या असतात आणि 'होस्ट', म्हणजे 'यजमान', अशी पाटी असते. वाहनात राहणारी व्यक्ती बहुधा साठी ओलांडलेली असते. पुष्कळदा पती-पत्नी दोघेही असतात. आलेल्या पर्यटकांचे स्वागत करणे, जागा दाखवणे आणि स्वच्छतागृहे धुणे ही कामे ते करतात. या कामाबद्दल त्यांना वेतन मिळत नाही. त्याऐवजी वाहन उभे करण्याची जागा संपूर्ण हंगामभर विनामूल्य मिळते.

वरवर पाहता हा निवृत्तीनंतरच्या हौसेचा एक रम्य प्रकार वाटतो आणि काहींच्या बाबतीत तो तसा असतोही. परंतु ज्या व्यक्तीला या वाहनाखेरीज दुसरे घर नाही, तिच्या दृष्टीने 'विनामूल्य जागा' या शब्दांचा अर्थ निराळा होतो. एकाच करारपत्रावर सही करणाऱ्या दोन व्यक्तींपैकी एक सेवा देत असते, तर दुसरी श्रम देऊन निवारा मिळवत असते. या दोघींनाही 'स्वयंसेवक' हे एकच नाव द्यावे काय, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. राष्ट्रीय वनांतील यजमान-स्वयंसेवक व्यवस्थेचा इतिहास आणि तिची कार्यपद्धती समजून घेणे.
२. या व्यवस्थेचा कायदेशीर पाया स्पष्ट करणे.
३. स्वयंसेवा आणि वेतनाविना श्रम यांतील सीमारेषा तपासणे.

विवेचन प्रकाशित व दुय्यम साधनांवर आधारलेले असून वर्णनात्मक-विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. राष्ट्रीय वने आणि कॅम्पग्राउंडची घडण

प्रथम एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. अमेरिकेत 'राष्ट्रीय उद्याने' गृहखात्याच्या उद्यानसेवेकडे आहेत. येथे हे गृहखाते म्हणजे सार्वजनिक जमिनी व नैसर्गिक संपत्ती पाहणारे खाते होय. पोलीस प्रशासन हे त्याचे मुख्य काम नाही. 'राष्ट्रीय वने' मात्र कृषी खात्याच्या अखत्यारीतील वनसेवेकडे आहेत. ही वनसेवा १९०५ मध्ये स्थापन झाली आणि गिफर्ड पिंचो हे तिचे पहिले प्रमुख होते. आज १५४ राष्ट्रीय वने व त्यांना जोडलेली गवताळ क्षेत्रे मिळून सुमारे १९.३ कोटी एकर भूमी तिच्या ताब्यात आहे. लाकूड, पाणी, चराई, वन्यजीव आणि मनोरंजन अशा अनेक उपयोगांसाठी या भूमीचे व्यवस्थापन करावे, हे तत्त्व १९६० च्या कायद्याने स्पष्टपणे मान्य केले.

मनोरंजनाचा उपयोग मात्र त्याहून जुना आहे. ओरेगॉन राज्यातील कोलंबिया नदीच्या खोऱ्यात १९१६ मध्ये उघडलेले ईगल क्रीक हे वनसेवेचे पहिले सुनियोजित कॅम्पग्राउंड मानले जाते. मोटारगाड्यांचा प्रसार होताच वनात येणाऱ्यांची संख्या वाढली आणि गाड्या वाटेल तेथे उभ्या राहू लागल्या. चाकांच्या भाराने माती घट्ट होते आणि झाडांच्या मुळांची हानी होते, ही गोष्ट वनस्पतिरोगतज्ज्ञ ई. पी. मायनेके यांनी निदर्शनास आणून दिली. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी सुचवलेली रचना आजही बहुतेक कॅम्पग्राउंडमध्ये दिसते. एकेरी वाहतुकीचा वळसा घालणारा रस्ता, त्यापासून फुटलेल्या गाडीपुरत्या लहान फाट्या, प्रत्येक फाटीलगत टेबल व चूल, आणि गाडी पुढे जाऊ नये म्हणून रचलेले दगड किंवा ओंडके, असे तिचे स्वरूप आहे. यजमानाची जागा वळशाच्या आरंभी का असते, याचेही उत्तर या रचनेत सापडते. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्यासमोरूनच जातो.

ही रचना प्रत्यक्षात उतरवण्याचे पुष्कळसे काम १९३३ ते १९४२ या काळात नागरी संधारण दलाने केले. महामंदीच्या काळात अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी उभारलेल्या या दलातून सुमारे ३० लाख बेरोजगार तरुणांनी काम केले. त्यांना दरमहा ३० डॉलर वेतन मिळे आणि त्यांपैकी साधारणतः २५ डॉलर थेट घरी पाठवले जात. निवास, भोजन व कपडे शासनाचे असत. म्हणजे जी कॅम्पग्राउंड आर्थिक संकटाच्या काळात वेतन देऊन तरुणांकडून बांधून घेण्यात आली, त्यांतील कित्येकांची निगा आज वेतनाविना काम करणारे वृद्ध राखत आहेत.

२. चाकांवरचे घर

'आर.व्ही.' हे 'रिक्रिएशनल व्हेईकल' या नावाचे प्रचलित संक्षिप्त रूप होय. त्यात स्वतःचे इंजिन असलेली मोटारघरे येतात, तसेच पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढली जाणारी घरेही येतात. आत शयनकक्ष, स्वयंपाकाचा ओटा, शीतकपाट, न्हाणी व शौचालय असते. तथापि अशा घराची खरी मर्यादा त्याच्या टाक्यांत असते. ताज्या पाण्याची एक टाकी, स्नान व भांडी यांच्या सांडपाण्याची दुसरी आणि मैल्याची तिसरी. स्वयंपाक व उष्णतेसाठी प्रोपेन वायू लागतो, विजेसाठी बॅटरी व सौरपटले लागतात. काही दिवसांनी टाक्या रिकाम्या करण्यासाठी आणि पाणी भरण्यासाठी मुक्काम हलवावाच लागतो.

बहुसंख्य वनातील कॅम्पग्राउंडमध्ये वीज, नळ व मलनिस्सारण यांची जोडणी नसते. यजमानाच्या जागेवर मात्र शक्य तेथे ती पुरवली जाते. त्यामुळे या जागेचे मूल्य इतर जागांच्या भाड्याहून बरेच अधिक ठरते.

पूर्णकाळ वाहनात राहणाऱ्यांपुढे पत्त्याचाही प्रश्न असतो. वाहननोंदणी, बँक, मतदान, आरोग्यविमा या सर्वांसाठी कायमचा पत्ता लागतो. म्हणून अनेक जण टेक्सास, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा या राज्यांत टपाल स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या संस्थांमार्फत रहिवास नोंदवतात. या तीनही राज्यांत व्यक्तिगत उत्पन्नावर राज्याचा कर नाही. १९७८ मध्ये स्थापन झालेला व टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे मुख्य ठाणे असलेला एस्केपीज हा संघ अशा सेवेसाठी प्रसिद्ध आहे.

३. राहण्याची मनाई आणि तिला असलेला अपवाद

राष्ट्रीय वन सर्व नागरिकांचे असले, तरी तेथे कोणालाही घर करता येत नाही. विशेष परवानगीवाचून या भूमीचा निवासासाठी उपयोग करणे संघराज्याच्या नियमांनुसार निषिद्ध आहे. एका ठिकाणी किती दिवस मुक्काम करावा यालाही मर्यादा असते. ती वनागणिक बदलते, परंतु १४ दिवस ही सर्वत्र परिचित मर्यादा होय. पंधराव्या दिवशी निघावे लागते.

यजमान याला अपवाद ठरतो. करारपत्र हाती असल्याने तो मे-जूनपासून सप्टेंबरपर्यंत एकाच जागी राहू शकतो. ज्याला दर दोन आठवड्यांनी नवी जागा शोधावी लागते, त्याला चार महिन्यांची निश्चिंती ही मोठी प्राप्ती वाटते. या व्यवस्थेत शासन जे देते ते रोख रकमेत मोजता येत नाही. एरवी नाकारलेला वास्तव्याचा अधिकार हाच येथील मोबदला असतो.

हंगाम संपल्यावर उंचावरील वनांत थंडी पडते आणि कॅम्पग्राउंड बंद होतात. मग काही जण ऑक्टोबरात उत्तरेकडील रेड नदीच्या खोऱ्यात बीटच्या सुगीवर मजुरीला जातात. अनेक जण ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्ट्झसाइट परिसरात उतरतात. तेथे भूव्यवस्थापन विभागाने १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळातील दीर्घ मुक्कामासाठी सशुल्क क्षेत्रे राखून ठेवली आहेत. उन्हाळ्यात डोंगर आणि हिवाळ्यात वाळवंट, असे हे वार्षिक स्थलांतर असते.

४. कामाचे स्वरूप

यजमानाचा दिवस सकाळच्या फेरीने सुरू होतो. रिकाम्या झालेल्या जागांवरील चुलींतली राख काढणे, काचा व खिळे वेचणे, टेबले पुसणे, आरक्षणाच्या चिठ्ठ्या खांबांवर लावणे आणि स्वच्छतागृहांत कागद पुरवून ती धुणे ही नित्याची कामे होत. येथील शौचालये बहुधा पाण्याविना चालणारी, खोल बंदिस्त हौदाची असतात. कामाचे तास करारानुसार ठरतात. आठवड्याला २० पासून ४० पर्यंत तास अपेक्षिले जातात.

दुपारनंतर माणसांशी संबंध येतो. अस्वलांच्या प्रदेशात अन्न उघड्यावर ठेवू नये, रात्री दहानंतर शांतता पाळावी, कुत्रा बांधून ठेवावा, हे प्रत्येक नव्या कुटुंबाला सांगावे लागते. यजमानाला पोलिसी अधिकार नसतात. तो दंड करू शकत नाही, कोणाला हुसकावू शकत नाही. तो विनंती करतो आणि न जुमानल्यास वनाधिकाऱ्यास कळवतो. अनेक ठिकाणी भ्रमणध्वनीची सेवा पोहोचत नाही, तेव्हा बिनतारी संच हाच आधार असतो. मद्यपी टोळक्यासमोर एका सत्तरीच्या व्यक्तीने केवळ सौजन्याच्या बळावर उभे राहावे, ही अपेक्षा साधी म्हणता येणार नाही.

सर्वांत जबाबदारीचे काम आगीचे आहे. शेकोटी विझली असे वाटले तरी राखेखाली निखारे राहतात. पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे आणि हाताच्या मागील बाजूने ऊब तपासावी, ही पद्धत यजमान रोज समजावतो. एका माणसाच्या निष्काळजीपणाची किंमत किती मोठी असते, हे २ सप्टेंबर २०१७ रोजी ईगल क्रीकच्याच परिसरात दिसले. पायवाटेवर एका पंधरा वर्षांच्या मुलाने टाकलेल्या शोभेच्या दारूमुळे लागलेल्या आगीत सुमारे ४८ हजार एकर क्षेत्र होरपळले आणि दीडशेहून अधिक पदयात्री रात्रभर वनात अडकून पडले. २०२१ मध्ये वणव्यांच्या भीतीने कॅलिफोर्नियातील सर्व राष्ट्रीय वने ऑगस्टअखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लोकांसाठी बंद ठेवण्यात आली. वन असे अचानक बंद झाले, की यजमानाचा निवाराही त्याच क्षणी संपतो. घराला चाके असल्याने ते वाचते, पण ते उभे करायचे कोठे हा प्रश्न शिल्लक राहतो.

५. कायदेशीर पाया

शासनाने नागरिकाकडून विनावेतन काम घ्यावे, ही गोष्ट अमेरिकी कायद्यात गृहीत धरलेली नाही. उलट १८८४ पासून संघराज्य शासनास ऐच्छिक सेवा स्वीकारण्याची सर्वसाधारण मनाईच आहे. आज फुकट काम करणारा उद्या मोबदल्याचा दावा करील आणि विधिमंडळाने मंजूर न केलेला खर्च शासनाच्या गळ्यात पडेल, ही त्यामागील धास्ती होती. म्हणून वनसेवेला स्वयंसेवक घेण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. तो मे १९७२ मध्ये अमलात आला. उद्यानसेवेसाठीचा तत्सम कायदा त्याआधी, १९७० मध्ये झाला होता.

१९७२ च्या कायद्यानुसार स्वयंसेवक हा शासकीय कर्मचारी नसतो. त्याला सेवाशर्ती, रजा किंवा निवृत्तिवेतन लागू होत नाही. प्रवास, गणवेश, निवास व निर्वाह यांसारखा आनुषंगिक खर्च मात्र त्याला देता येतो. दोन बाबतींत तो कर्मचारी मानला जातो. काम करताना इजा झाल्यास तो भरपाईस पात्र ठरतो आणि त्याच्या हातून कोणाचे नुकसान झाल्यास दायित्व शासनाकडे जाते. शिवाय २५० तास सेवा पूर्ण करणाऱ्यास संघराज्याच्या मनोरंजनस्थळांत विनाशुल्क प्रवेशाचा पास देण्याची योजना आहे.

परंतु सर्वच कॅम्पग्राउंड वनसेवा स्वतः चालवत नाही. १९५० च्या एका कायद्याचा आधार घेऊन, विशेषतः १९८० च्या दशकापासून, अनेक कॅम्पग्राउंड खासगी परवानाधारकांकडे सोपवण्यात आली. तेथे पाटी तीच, झाडे तीच आणि कामही तेच. मात्र यजमानाचा मालक नफ्यासाठी चालणारी कंपनी असते. १९३८ च्या न्याय्य श्रममानक कायद्यानुसार नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी उद्योगाला 'स्वयंसेवक' घेता येत नाहीत. त्यांना किमान वेतन द्यावेच लागते. या संदर्भात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ॲलामो फाउंडेशन प्रकरणात दिलेला निर्णय उद्बोधक आहे. एका धार्मिक संस्थेच्या पेट्रोलपंपांवर व दुकानांत तिचे अनुयायी केवळ अन्न, वस्त्र व निवारा यांवर काम करीत. आपण स्वयंसेवक आहोत, असे ते स्वतः न्यायालयात सांगत होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. दीर्घकाळ ज्या लाभांवर मनुष्य अवलंबून असतो ते लाभ म्हणजे वेगळ्या रूपातील वेतनच होय, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

ही कसोटी १९७२ च्या कायद्याखालील यजमानाला लागू होत नाही, कारण त्याला कायद्यानेच वेगळे ठेवले आहे. तरीही तर्क म्हणून ती दृष्टिआड करता येत नाही.

६. हौस की निरुपाय

२००८ च्या आर्थिक संकटात अनेकांची घरे आणि बचत गेली. अशा वयस्क स्त्री-पुरुषांच्या फिरत्या जीवनाचा वृत्तान्त जेसिका ब्रूडर यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'नोमॅडलँड' या ग्रंथात दिला असून, कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो राष्ट्रीय वनात यजमानाचे काम करणारी वृद्ध स्त्री त्यात केंद्रस्थानी आहे. त्यावर आधारित क्लोई झाओ दिग्दर्शित चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर पुरस्कार मिळाला.

तथापि सर्वच यजमान परिस्थितीने रेटलेले असतात, असे मानणेही चूक ठरेल. ज्यांचे शहरात स्वतःचे घर आहे, पुरेसे निवृत्तिवेतन आहे आणि जे उन्हाळा झाडांत घालवण्यासाठीच येतात, असे यजमानही असतात. त्यांच्या सेवेत दातृत्व आहे आणि त्याचा आदर केला पाहिजे. या दोघांतील भेद कामात, गणवेशात किंवा करारात दिसत नाही. तो दिसतो सप्टेंबरात, कॅम्पग्राउंडच्या फाटकाला कुलूप लागते त्या दिवशी. एक जण घरी जातो. दुसरा पुढची जागा शोधू लागतो. कामाचा जाच वाटला तर मध्येच सोडून जाण्याचे स्वातंत्र्य पहिल्याला असते, दुसऱ्याला ते केवळ कागदोपत्री असते.

अलीकडील घडामोडींनी या प्रश्नाला आणखी धार आली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये वनसेवेने निधीच्या टंचाईमुळे पुढील वर्षासाठी अग्निशमनाखेरीज हंगामी कर्मचारी न घेण्याचे जाहीर केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये परिविक्षाधीन असलेल्या सुमारे २ हजार कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आले. मार्चमध्ये त्यांना तात्पुरते परत घेण्याचा आदेश निघाला. वेतन घेणारा हात कमी झाला, की स्वयंसेवकाच्या हाताकडे पाहिले जाते. स्वयंसेवक कर्मचाऱ्याला पूरक असावा, त्याची जागा घेणारा नसावा, हे तत्त्व अशा वेळी प्रथम झिजते.

७. आपल्या अनुभवाशी सांधा

हा विचार आपल्याला दूरचा वाटू नये. १९६९ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याकडून दोन वर्षांत २४० तासांच्या सेवेची अपेक्षा ठेवण्यात आली. श्रमदान करून तो संध्याकाळी घरी परततो, म्हणून त्याचे दान खरोखर दान असते. याउलट २००५ पासून ग्रामीण आरोग्याचा भार वाहणाऱ्या 'आशा' यांना शासन स्वयंसेविका म्हणते. मराठीत वेतन व दान यांच्या मधल्या जागेसाठी 'मानधन' हा शब्द आहे. त्यात मान किती आणि धन किती, हे तो घेणाऱ्यांनाच ठाऊक. २५ एप्रिल २०२२ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना उपदानाचा हक्क मान्य करताना, त्यांचे मानधन हे त्या कायद्यापुरते वेतनच होय, असे ठरवले. ॲलामो प्रकरणातील तर्काशी त्याचे साम्य स्पष्ट आहे. नाव काय दिले यापेक्षा श्रमाचे प्रत्यक्ष स्वरूप काय आहे, हे दोन्ही न्यायालयांनी पाहिले. तासिका तत्त्वावर अध्यापन करणाऱ्या सहकाऱ्यांना या प्रश्नाचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

निष्कर्ष

१. यजमान-स्वयंसेवक व्यवस्था ही मूलतः विनिमयाची व्यवस्था आहे. सार्वजनिक वनात राहण्याचा, एरवी निषिद्ध असलेला अधिकार श्रमाच्या बदल्यात दिला जातो.
२. १९७२ च्या कायद्याने स्वयंसेवकाला इजा व दायित्व यांबाबत संरक्षण दिले आहे. निवाऱ्याच्या सातत्याबाबत कोणतेही संरक्षण दिलेले नाही.
३. एखादी सेवा स्वयंसेवा आहे की नाही, हे तीन प्रश्नांवरून ठरवावे. तिचा लाभ समाजाला होतो की एखाद्या कंपनीच्या नफ्याला? ती नसती तर त्या जागी वेतन देऊन माणूस नेमावा लागला असता काय? आणि ती करणाऱ्याला नकार देऊन परत जायला जागा आहे काय? यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि कोणत्याही करारपत्रात तो विचारला जात नाही.

समारोप

मराठीत 'यजमान' हा शब्द घरधन्यासाठी वापरला जातो. ज्याचे घर असते तो पाहुण्याचे स्वागत करतो. अमेरिकेच्या वनांतील या यजमानांपैकी काहींपाशी स्वागत आहे, अगत्य आहे, पण घर मात्र सप्टेंबरपर्यंतचेच आहे. त्यांच्या सेवेचा गौरव अवश्य करावा. परंतु तो वेतन आणि निवारा यांच्या प्रश्नाऐवजी केला जाऊ नये.